मदत हवी आहे: वाचनालयातून सुट्टीत कोणती पुस्तकं मागू?

लेक दहा वर्षांची, सेमी-इंग्रजीत. मराठी वाचते, पण जोडाक्षरांची गर्दी आणि बारीक टाईप दिसला की पुस्तक मिटवते. सुट्टीसाठी गावातल्या सार्वजनिक वाचनालयात तिचं खातं उघडलंय. एका वेळी दोनच पुस्तकं, आठ दिवसांत बदलायची.

अडचण अशी की कपाटं कुलूपबंद. चिठ्ठीवर नाव आणि लेखक लिहून द्यायचं, मग बाई आतून काढून देतात. चाळून बघायची सोय नाही. नुसतं 'मुलांचं काहीतरी द्या' म्हटलं तर दोनदा बोधकथाच हातात आल्या. त्या तिने दुसऱ्या पानावर सोडल्या.

भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे मात्र दोन दिवसांत फस्त! म्हणजे गोष्ट पळती आणि पोरं खोडकर हवीत. इसापनीती, पंचतंत्र, अकबर-बिरबल घरी आहेत, ते नकोत. विकत घ्यायचं सध्या नाही, मोबाईलवरही नको. वाचनालय जुनं आहे, त्यामुळे जुनी पुस्तकं मिळायची शक्यता जास्त.

तर या दोघांनंतर चिठ्ठीवर कोणती पाच-सहा नावं लिहू? लेखकासकट सांगाल का?