मदत हवी आहे: छोटी पंचरशी तोफ (लंताका) किती जुनी, खरी की नक्कल?

प्रश्न
नमस्कार मंडळी. क्वालालंपूरमध्ये एक लंताका विकायला आहे, म्हणजे आपल्या जंबुरकासारखी फिरती छोटी तोफ. मागच्या खोबणीसकट लांबी ९२ सेंमी, वजन २१ किलो, नळीचं तोंड २८ मिमी. अंगावर बांबूच्या कोंबांसारखे त्रिकोण, मध्यावर मगर. मगरीशेजारी व्हीओसीची (डच ईस्ट इंडिया कंपनीची) खूण, खाली ३५ आकडा. विकणारा म्हणतो, डच कंपनीची, सतराव्या शतकातली. पैसे देण्याआधी काय तपासू?

ओतकाम (सदस्यनाव) यांचं उत्तर
आधी नळी. लाकडी काठी टेकेपर्यंत आत सारा, तोंडापाशी खूण करा, मग तीच काठी बाहेरून नळीलगत धरा. टोक बत्तीच्या कानापर्यंत (बार पेटवायच्या भोकापर्यंत) पोचलं पाहिजे. सजावटीच्या नकलेत नळी जेमतेम वीतभर खोल असते आणि कान आंधळा, नुसती खळी.

मग ओतकाम बघा. या तोफा मेणाच्या नमुन्याभोवती मातीचा साचा करून, मेण वितळवून ओतत, तो साचा एकदाच वापरता येई. म्हणून दोन्ही कुशींवर तोंडापासून मागपर्यंत दोन भागांच्या साच्याची सरळ जोडरेघ किंवा ती घासून काढल्याची पट्टी दिसली, तर माल आजचा समजा. मागच्या खोबणीत लाकडी दांडा बसायचा. तिथे तळाशी भाजलेली माती चिकटलेली असेल तर खरवडू नका! काळ ठरवायला तीच उपयोगी: ती शेवटची कधी तापली, हे उष्मादीप्ती चाचणीतून कळतं. धातूवरून थेट वय निघत नाही. जस्त जास्त निघालं म्हणून नक्कल, हेही चूक. चिनी जस्त त्या बाजारात पूर्वीपासून येत होतं.

कळंक (सदस्यनाव) यांचं उत्तर
व्हीओसीवर भुलू नका. कंपनी १६०२ ते १७९९ होती, पण ती खूण आजही कोरता येते. भिंगाखाली खाचेच्या कडा धारदार आणि आतला कळंक (धातूवर चढलेला जुना थर) आजूबाजूपेक्षा वेगळा दिसला, तर ती नंतरची.

खरा दुवा तो ३५ आकडा आहे. मलाय कट्टी (तिकडचं वजनाचं माप) साधारण ६०० ग्रॅमची. ३५ कट्टी म्हणजे बरोबर २१ किलो. ॲमस्टरडॅमचा पौंड ४९४ ग्रॅमचा, त्या हिशेबाने ४२-४३ यायला हवे होते. ब्रुनेईत तोफा चलनासारख्या चालत, त्यामुळे वजनाला महत्त्व. मगर आणि कोंबही मलाय नक्षीतलेच. माझ्या मते तोफ स्थानिक ओतीव, खूण मागाहूनची. उरलेल्या लंताकांपैकी बहुतेक १८व्या-१९व्या शतकातल्या आहेत. नुसत्या घाटावरून याहून नेमकं सांगणं धाडसाचं.

आणि कृपा करून चिंच किंवा पितांबरी लावू नका, कळंक गेला की पुरावाच गेला.

प्रश्नकर्ता
काठी ७१ सेंमी आत गेली. कान तोंडापासून ७९ वर आहे. कानातही काहीतरी घट्ट बसलंय. तारेने मोकळा करू का?

ओतकाम यांचं उत्तर
मुळीच नाही. ८ सेंमीची तूट म्हणजे आत बार भरलेला असू शकतो. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते. तार, ड्रिल, उष्णता काही नको. तोंडासमोर आणि मागे कोणी उभं राहू नये. विकणाऱ्याला पोलिसांना कळवायला सांगा, तज्ज्ञ नळी रिकामी करतील. तोवर बयाणाही देऊ नका. देशाबाहेर नेणार असाल तर २००५च्या मलेशियन वारसा कायद्याखाली निर्यात परवाना लागतो का, तेही आधी विचारून घ्या.