ताळेबंदात नफा, तरी कर्ज वाढतंय: वीज वितरण कंपनीचा तोटा मोजायचा कसा?

जुना_मीटर:
सरकारी वितरण कंपन्यांचे हिशेब एकत्र लावतोय, मुख्यतः महावितरणचे. तीन ठिकाणी अडलोय.
एक, वितरण हानी १६ टक्के आणि वसुली ९२ टक्के असेल तर एकूण हानी २४ टक्के धरायची का?
दोन, नफातोटा पत्रकात किरकोळ नफा आणि त्याच वर्षी कर्जात वाढ, हे कसं?
तीन, निर्मिती कंपन्यांचे थकवलेले पैसे कुठे दिसतात?

केव्हीए:
पहिल्याचं उत्तर: बेरीज नाही, गुणाकार. १०० युनिट घेतले, ८४ चं बिल झालं, बिलाच्या ९२ टक्के पैसे आले. ०.८४ × ०.९२ = ०.७७२८, म्हणजे एटी अँड सी हानी (तांत्रिक आणि व्यावसायिक मिळून एकूण हानी) २२.७२ टक्के.

पण खरी मेख त्या ८४ मध्ये आहे. शेतीपंपांचा मोठा हिस्सा विनामीटर आहे, बिल अश्वशक्तीवर निघतं. जिथे मीटर आहे तिथेही बंद मीटर, सरासरी बिल. त्यामुळे शेतीचा वापर मोजला जात नाही, ठरवला जातो. समजा ८४ पैकी ३० युनिट शेतीच्या नावावर आहेत आणि पंपांनी प्रत्यक्षात २३ च ओढले. मग वितरण हानी १६ नाही, २३ टक्के. मधले ७ युनिट आकडे टाकून गेले असतील, जुन्या तारांत तापून गेले असतील किंवा मीटरमध्ये फेरफार करून गेले असतील. शेतकऱ्याच्या खात्यावर मात्र बिल चढलं. ते बिल तो भरत नाही आणि थकबाकी फुगते. 'शेतकरी बुडवतात' म्हणताना हे कुणी बोलत नाही.

तपासायचं असेल तर शेतीचा वेगळा केलेला ११ केव्ही फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) निवडा. उपकेंद्रातल्या फीडर मीटरचे महिन्याचे युनिट घ्या, ११ केव्ही आणि लघुदाब वाहिनीची तांत्रिक हानी वजा करा, उरलेल्याला जोडलेल्या एकूण अश्वशक्तीने भागा. हा आकडा बिलात धरलेल्या वापराशी ताडून पाहा. दोन चुका हमखास होतात: त्याच फीडरवर गावठाण किंवा पाणीपुरवठा योजना असते, आणि मंजूर भार ५ अश्वशक्तीचा असताना पंप साडेसातचा बसवलेला असतो.

ताळेबंद_वाचक:
दुसऱ्या प्रश्नाकडे. वीज विकली की बिलाची रक्कम उत्पन्न म्हणून जमा होते, पैसे येवोत न येवोत. न आलेले पैसे 'येणे' म्हणून मालमत्तेच्या बाजूला बसतात. वर विलंब आकार आणि व्याज, तेही बहुधा उत्पन्नातच. त्यामुळे वीस वर्षं न भरलेलं पंपाचं बिल कागदावर मालमत्ता असतं. पगार, वीजखरेदी, कंत्राटदार यांना मात्र रोकड लागते, ती बँकेकडून येते. म्हणून नफ्याच्या ओळीवर थांबू नका. रोकड प्रवाहाचं पत्रक आणि बुडीत येण्यांसाठीची तरतूद पाहा. तरतूद अचानक वाढवली की त्या वर्षी 'तोटा' दिसतो, पण तो जुनाच असतो.

अजून एक फट. थेट निर्लेखित केलेली, म्हणजे बुडीत समजून हिशेबातून काढलेली रक्कम वर्षअखेरच्या येण्यांतून निघून जाते आणि वसुली सुधारल्यासारखी दिसते. एटी अँड सी काढताना ती येण्यांत परत जोडायची असते.

अनुदानाचा हिशेब वेगळा ठेवा. वीज कायदा २००३ च्या कलम ६५ नुसार राज्य सरकारने सवलतीची रक्कम आगाऊ द्यायची असते. प्रत्यक्षात ती उशिरा येते, कधी कंपनीने सरकारला द्यायच्या वीज शुल्कातून परस्पर वळती होते. म्हणून प्रतियुनिट खर्च आणि उत्पन्न यांतली तफावत दोनदा काढा: एकदा मागितलेलं अनुदान धरून, एकदा मिळालेलं धरून. जुलै २०२४ च्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतचे सुमारे ४४ लाख पंप आहेत आणि वर्षाचा खर्च १४,७६० कोटी सांगितला गेला. बिल शेतकऱ्याऐवजी सरकारच्या नावावर गेलं एवढंच. हप्ता तीन महिने लांबला तर कंपनीला खेळतं भांडवल पुन्हा कर्जानेच उभं करावं लागतं.

जुना_मीटर:
म्हणजे कृषी थकबाकीवर सूट दिली की ताळेबंदाला खड्डा पडतो?

ताळेबंद_वाचक:
तरतूद आधी केली असेल तर नाही. २०२० च्या कृषीपंप धोरणात आधी व्याज आणि विलंब आकार कमी करून थकबाकीची रक्कम नव्याने ठरवली, मग पहिल्या वर्षी निम्मी भरणाऱ्याला उरलेली निम्मी माफ. त्या वेळी कृषी थकबाकी ४० हजार कोटींच्या वर होती. त्यातली बरीचशी रक्कम कधीच येणार नव्हती.

मेरिट_ऑर्डर:
तिसरा प्रश्न. चालू देण्यांत 'वीजखरेदीपोटी देणी' ही ओळ बघा आणि तिला दिवसाच्या सरासरी खरेदी खर्चाने भागा. किती दिवसांची उधारी आहे ते कळेल. ४५ च्या आत असेल तर ठीक.

साखळी अशी: महावितरणने महानिर्मितीला (राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीला) थकवलं की महानिर्मिती कोळसा कंपनीला थकवते, मग ऐन मागणीत साठा आटतो. शिवाय करारातल्या वीजनिर्मिती केंद्राकडून वीज घेतली नाही तरी ते उपलब्ध असल्यास स्थिर आकार लागतोच. एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या बिलांवरून २००१ मध्ये राज्य वीज मंडळाची कोंडी झाली तीही करारातल्या अशाच कलमामुळे.

केंद्र सरकारच्या जून २०२२ च्या विलंब अधिभार नियमांनी जुनी थकबाकी गोठवून रकमेनुसार १२ ते ४८ मासिक हप्ते पाडले. नवं बिल सादर झाल्यापासून अडीच महिने किंवा देय तारखेनंतर एक महिना, यांतली उशिराची तारीख उलटली की आधी अल्पकालीन खरेदी बंद, नंतर दीर्घकालीन पारेषण वापरातही (मोठ्या वाहिन्यांतून वीज आणण्याच्या हक्कातही) टप्प्याटप्प्याने १० टक्के कपात. ऑगस्ट २०२२ मध्ये १३ राज्यांतल्या २७ कंपन्यांना वीज बाजारात बंदी झाली, त्यांत महाराष्ट्रही होता. भरलेल्या रकमेची नोंद केंद्राच्या थकबाकी पोर्टलवर झालेली नाही, असं काही राज्यांचं म्हणणं होतं.

तुलना करताना सावध राहा: २०२२ नंतर निर्मिती कंपन्यांची देणी घटलेली दिसतात, पण हप्ते भरायला अनेकांनी वीज वित्त निगम आणि आरईसी या सरकारी वित्तसंस्थांकडून कर्ज काढलं. एक ओळ घटली, दुसरी वाढली. दोन्हींची बेरीज करून बघा.

केव्हीए:
भर घालतो: नियामक मत्ता विसरू नका. म्हणजे वीज नियामक आयोगाने मान्य केलेला पण दरवाढ टाळायला पुढे ढकललेला खर्च. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये जुनी मत्ता ठरावीक मुदतीत संपवायला सांगितली आहे. ताळेबंदात ती नेहमी सापडेलच असं नाही. दरनिश्चितीच्या आदेशात 'महसुली तूट' शोधा.