‘गेमाइंडे’ला मराठीत काय म्हणावं?

मिशिगनमधल्या फ्रँकनमूथ गावाबद्दल मराठीत लिहितेय. तिथल्या सेंट लोरेन्झ या लूथरन चर्चच्या इतिहासात ‘गेमाइंडे’ हा जर्मन शब्द पावलोपावली येतो. कोशात ‘गावाचा कारभार’ असाही अर्थ आहे, ‘चर्चचे लोक’ असाही. कुठला धरू?

–

ताई, ‘मंडळी’ लिहा. मराठी बायबलात हाच शब्द आहे. ‘चर्च’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे घंटा आणि कौलं येतात. मंडळी म्हणजे माणसं, मग घरची असोत की देवाची. आणि ‘पाद्री’ऐवजी ‘पाळक’. ‘पास्टर’ म्हणजे मुळात मेंढपाळच.

कोशात दोन अर्थ दिसतात, कारण ‘गेमाइन’ म्हणजे सामायिक. फ्रँकनमूथमध्ये तर गाव आणि मंडळी वेगळी काढताच येत नव्हती. जर्मनीतल्या नॉयनडेटल्साउ गावचे पाळक विल्हेल्म ल्योहे यांनी १८४५ साली फ्रँकोनियातून, म्हणजे आजच्या बव्हेरिया राज्याच्या उत्तर भागातून, पंधरा जण अमेरिकेत धाडले, बरोबर पाळक ऑगस्ट क्रेमर. चिपेवा या तिथल्या मूळ रहिवाशांत धर्मप्रसार करायचा आणि आपण लूथरन, जर्मनभाषक राहायचं, हे निघण्याआधीच ठरलेलं. कॅस नदीकाठची झाडं त्यानंतर तोडली. म्हणजे आधी मंडळी, मग गाव! तेव्हा जुन्या काळासाठी ‘मंडळी’ बिनधास्त वापरा. आजच्या नगरपालिकेला मात्र नको.

–

आणि ‘मूथ’? मी आपली ‘मूठ’ समजत होते.

–

आपल्या मुठीशी नातं नाही. ‘मूट’ म्हणजे धैर्य. फ्रँकोनियाच्या लोकांचं धैर्य. तो ‘एच’ जुन्या लेखनातला. १९०१च्या लेखनसुधारणेत जर्मनांनी तो काढून टाकला, पण गावाच्या पाटीवर राहिला, म्हणून अमेरिकन लोक ‘मूथ’ म्हणतात. शेजारच्या वसाहतींची नावंही याच थाटाची: ट्रोस्ट म्हणजे दिलासा, हिल्फ म्हणजे मदत. फ्रँकनलुस्टमधल्या ‘लुस्ट’चा अर्थ आनंद; इंग्रजी वाचणारे उगाच दचकतात. फ्रँकनहिल्फचं पुढे रिचव्हिल झालं.

–

गाव स्वतःला ‘लिटल बव्हेरिया’ म्हणवतं, तेही लिहू ना?

–

लिहा, पण फ्रँकोनियातल्या माणसाला ‘बव्हेरियन’ म्हणून बघा एकदा. वऱ्हाडातल्या माणसाला ‘तुम्ही पुणेकर ना?’ विचारल्यावर जो चेहरा होतो, तोच दिसेल.