माजी नेत्यांची पत्रं : सही हाताची की मशीनची?

शाईवेडा :
माजी राष्ट्राध्यक्ष, माजी पंतप्रधान वगैरे मंडळींना पत्र लिहून सहीचं उत्तर मिळवायचा नाद लागलाय मला. आत्तापर्यंत सात आली, पण काल एकाच नेत्याची दोन पत्रं शेजारी ठेवून बघितली तर सही डिट्टो, शेवटचा फराटासुद्धा. हे ऑटोपेन का, म्हणजे सही उमटवणारं मशीन? मग पत्र बादच समजायचं?

जुनाट :
तंतोतंत जुळल्या म्हणजे मशीनच, माणसाची सही दरवेळी थोडी तरी हलते. एकावर एक ठेवून उजेडासमोर धर. ऑटोपेनमध्ये खरंखुरं पेन लावलेलं असतं त्यामुळे शाई अस्सल दिसते आणि तिथेच फसायला होतं, पण रेघ सगळीकडे एकाच जाडीची आणि सुरुवातीला-शेवटी बऱ्याचदा बारीक ठिपका. केनेडींच्या सह्या तर याबाबतीत कुप्रसिद्धच, मशीनच्या वेगळ्या, सेक्रेटरींनी केलेल्या वेगळ्या.

पाकीटवाली :
बाद कशाला? लेटरहेड तर खरंय ना. फक्त कधी विकलंस तर हाताची सही म्हणून विकू नकोस. आणि पाकीट फेकू नकोस बरं का, पोस्टाचा शिक्का म्हणजे तारखेचा पुरावा. मी हौसेने लॅमिनेशन करून एक चांगलं पत्र घालवलंय, आता ते निघतही नाही. अॅसिड-फ्री फोल्डर घे, उन्हात तर अजिबात टांगू नकोस, शाई उडते.

शाईवेडा :
धरलं उजेडासमोर. जुळलं. आता उरलेली पाच बघायची हिंमत होत नाहीये.