आईला नीट दिसत नाही, पण तिला नवीन सिनेमा हवाय. काय लावू?

गिरणगावकर

तुम्ही सगळे नुकतेच बघितलेले सिनेमे सांगता, मी नुसता वाचत असतो. आज पहिल्यांदाच विचारतोय.

माझी आई 74 वर्षांची. आम्ही लालबागला चाळीत राहतो. दोन वर्षांपूर्वी तिला डोळ्यांच्या पडद्याचा, मॅक्युलाचा आजार झाला. कडेचं दिसतं, मधलं दिसत नाही. समोर बसलेल्या माणसाचे कान दिसतात पण तोंड दिसत नाही, असं ती सांगते. टीव्ही लावला की ती मान दाराकडे वळवून बसते. नवख्या माणसाला वाटतं, हिचं लक्षच नाही. खरं तर ती डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत असते.

ही बाई पहिल्यापासून सिनेमावेडी. बाबा गिरणीत होते, बोनस हातात पडला की भारतमाताची तिकिटं ठरलेली. 1972 चा 'पिंजरा' तिने चार वेळा बघितला. 'अशी ही बनवाबनवी' आजही लागला की पुढचा संवाद ती टीव्हीच्या आधी म्हणते. मला वाटायचं, चला, हिचं करमतंय. पण जुना सिनेमा तिला दिसतो, कारण तो तिने आधीच बघून ठेवलाय. गेल्या महिन्यात ती म्हणाली, "माझं काय फक्त उजळणीच करायचं वय झालं का? नवीन लाव काहीतरी."

म्हणून लावले. एक मोठा हाणामारीचा हिंदी लावला, तर वीस मिनिटांत तिला झोप लागली. कोण कोणाला मारतंय तेच कळत नव्हतं. मग 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' लावला. पायल कपाडियाचा, मुंबईतल्या नर्सांची गोष्ट, 2024 मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळालेला. त्यात बरंचसं बोलणं मल्याळममध्ये, खालची अक्षरं मी वाचून दाखवायची. मला वाटलं, ही दहा मिनिटांत उठेल. पण सुरुवातीलाच बाजाराचा कलकलाट आला आणि ती म्हणाली, "हे दादरच आहे ना?" मी म्हटलं, हो. आणि पुढे छाया कदमची पार्वती आली तेव्हा आई सरळ होऊन बसली. हॉस्पिटलात स्वयंपाक करणारी बाई, नवरा गेलेला, बिल्डर घर पाडायला टपलेला आणि घराचा एकही कागद तिच्या नावावर नाही.

आमच्याकडे बाबांचे गिरणीचे कागद एका बिस्किटाच्या डब्यात आहेत. लाल पास, हजेरी कार्ड, ईएसआयचं म्हणजे कामगार विम्याचं कार्ड. गिरणी कामगारांच्या घरांच्या म्हाडाच्या सोडतीसाठी ते किती वेळा काढले आणि ठेवले त्याची गणती नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाढी करत होतो, तेव्हा आईने आतून विचारलं, "तिला कागद मिळाले का रे शेवटी?" म्हटलं, नाही, ती गावी गेली ना, रत्नागिरीला. आई म्हणाली, "हो, ते कळलं मला. समुद्र वाजत होता."

तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे. ऐकून कळतील असे गेल्या दहा-पंधरा वर्षांतले सिनेमे सांगा. नुसती बडबड असलेले नकोत. आणि दुसरं म्हणजे मी शेजारी बसून सांगतो ते बरोबर सांगतो का, तेही कळत नाही. ती मधेच म्हणते, "गप जरा, ऐकू दे."

शिवाजी_पार्क_कट्टा

दादा, 'द डिसायपल' लावा. चैतन्य ताम्हाणेचा, 2020 ला व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात पटकथेचं पारितोषिक मिळालेला. शास्त्रीय गाणं शिकणाऱ्या मुलाची गोष्ट आहे. तो रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवर मोटरसायकल चालवत असतो आणि कानात माईंचं, म्हणजे त्याच्या गुरूच्या गुरूंचं, रेकॉर्ड केलेलं बोलणं चालू असतं. माई पडद्यावर येतच नाहीत, त्या नुसता आवाज आहेत. तो आवाज सुमित्रा भावे यांचा. म्हणजे तुमच्या आई आणि आपण, सगळे एकाच पातळीवर. मी गेल्या आठवड्यात दुसऱ्यांदा बघितला तेव्हा दिवे घालवून डोळे मिटून बसलो होतो. गुरूचं गाणं आणि शिष्याचं गाणं यातला फरक डोळे मिटल्यावर फार स्पष्ट ऐकू येतो. शिष्याचा सूर लागतो, पण गाणं उमलत नाही. सगळा सिनेमा त्या एका फरकावर उभा आहे.

एक सांगून ठेवतो, एक-दोन प्रसंग आईशेजारी बसून बघताना अवघडल्यासारखं होईल. आधी एकट्याने बघून घ्या.

नाइट_ड्यूटी

मी स्वतः नर्स आहे, त्यामुळे 'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट'बद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या कामाबद्दलचे सिनेमे बघताना मला बहुतेक वेळा राग येतो, नर्स म्हणजे डॉक्टरच्या मागे ट्रे घेऊन उभी. यात ड्यूटी संपल्यावरचा थकवा खरा आहे. लोकलमध्ये उभ्या उभ्या डोळे मिटणं खरं आहे.

आता कामाचं. मॅक्युलाच्या पेशंटला थिएटरात मधल्या सीटवर बसवू नका. त्यांना कुठल्या बाजूने जास्त दिसतं ते विचारा आणि त्याप्रमाणे कडेची सीट घ्या, म्हणजे मान सारखी वळवावी लागत नाही. मान आखडते आणि मग त्या म्हणतात, नको सिनेमा. घरी टीव्ही जवळ ओढला तरी चालतो, त्याने डोळे आणखी बिघडत नाहीत.

आणि ओटीटीवर भाषा निवडायच्या यादीत 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' असं दिसतं का बघा. त्यात पडद्यावर काय चाललंय ते एक आवाज संवादांच्या मधल्या जागेत सांगतो. इंग्रजीत पुष्कळ आहे, हिंदीत थोडं. मराठीत मी शोधून दमले, अजून एकही हाती लागला नाही. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने मार्च 2024 मध्ये अंध आणि कर्णबधिर प्रेक्षकांसाठी थिएटरांत अशी सोय करण्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. आपल्या मराठी निर्मात्यांनी ते मनावर घ्यावं असं मला फार वाटतं. आपलीच म्हातारी माणसं आहेत ती.

कोकणकडा

'श्वास' बघा. 2004 चं राष्ट्रीय पारितोषिक. संवाद साधे, आजोबा आणि नातू, कोकणातली बोली. आईंना नक्की आवडेल.

शिवाजी_पार्क_कट्टा

@कोकणकडा, अहो, त्यात त्या पोराचे डोळे काढायचे असतात. ह्यांच्या आईला तोच लावायचा?

गिरणगावकर

भांडू नका, मी आईलाच विचारलं. ती म्हणाली, "तो बघितलाय मी थेटरात. आजोबा त्याला ऑपरेशनच्या आधी सगळं दाखवायला घेऊन जातो ना? चांगलं केलं त्याने." मग थोड्या वेळाने म्हणाली, "मला एवढं जपू नकोस." तर 'श्वास' राहू दे, पण बघितलेला आहे म्हणून. दुसऱ्या कुठल्या कारणाने नाही.

पांढरी_काठी

माझे मिस्टर जन्मापासून अंध आहेत. लग्नाला एकोणीस वर्षं झाली आणि सिनेमे आम्ही शेकड्यांनी बघितले. सांगण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहिते.

सुरुवातीला मी सगळं सांगायचे. निळी साडी, मागे खिडकी, खिडकीत कुंडी. ते वैतागायचे. मग हळूहळू कळलं की त्यांना तीनच गोष्टी हव्या असतात. कोण आलं, कोण गेलं आणि शांतता झाली तर कशामुळे झाली. बाकी सगळं आवाजात असतं. दार जड आहे की पत्र्याचं, माणूस म्हातारा आहे की तरणा, खोली मोठी आहे की आपल्यासारखी, ते माझ्या आधी त्यांना कळतं.

दुसरं, चेहरा सांगू नका. "ती दुःखी दिसते" असं म्हटलं की तुम्ही सिनेमा त्यांच्या वतीने समजून घेतलात. हात सांगा. "ती पदराचं टोक पिळतेय" एवढं पुरे, पुढचं त्यांचं त्या बघतील. आणि बोलणं चालू असताना कधीच सांगू नका. आई "गप" म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

तुमच्या आईंनी आयुष्यभर बघितलेलं आहे, त्यामुळे त्यांना माझ्या मिस्टरांपेक्षा वेगळं लागेल. त्यांना रंग सांगा, रंग आठवत असणार.

सिनेमा म्हणाल तर 'कोर्ट'. आम्ही गेल्या महिन्यात परत बघितला. कॅमेरा एका जागी उभा, दृश्यं लांबच लांब, त्यामुळे कोण कुठे आहे हे एकदा सांगितलं की पाच-पाच मिनिटं काही सांगावंच लागत नाही.

मोरी_रोड

'कोर्ट'ला माझंही मत. 2014 चा, व्हेनिसला ओरिझोंती या नव्या वळणाच्या सिनेमांच्या विभागात सर्वोत्तम ठरला, आपल्याकडे राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्यात आरोपी असलेल्या लोकशाहीर नारायण कांबळेचं काम केलेले वीरा साथीदार 2021 मध्ये कोविडने गेले. संभाजी भगत यांची गाणी आहेत, ती तर ऐकायचीच.

'साबर बोंड'ही बघून आलो, सप्टेंबर 2025 मध्ये लागला तेव्हा. रोहन कानवडेचा, अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवाचा मोठा पुरस्कार मिळालेला. मुंबईचा मुलगा वडिलांच्या दहा दिवसांसाठी गावी जातो. मला फार भिडला, पण त्यात न बोलता बरंच काही घडतं. पहिल्यांदाच सांगायला बसाल तर अवघड जाईल. नंतर कधीतरी लावा.

गिरणगावकर

मंडळी, काल रविवारी 'कोर्ट' बघितला. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही सगळ्यांनी मनापासून सांगितलंत.

दुपारी जेवणं झाली, गॅलरीतल्या पोरांना खाली खेळायला पाठवलं, पंखा एकवर ठेवला. पांढरी_काठी ताई, तुमचं ऐकलं. सुरुवातीला सांगितलं, "वर न्यायाधीश, डावीकडे सरकारी वकीलबाई, उजवीकडे आरोपीचा वकील," आणि गप्प बसलो. फक्त इंग्रजी आलं की थोडक्यात मराठीत सांगायचो.

एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती आईने पकडली. साक्षीदार बोलतो, मग न्यायाधीश तेच रेकॉर्डसाठी टाइप करणाऱ्याला सांगतात. आई म्हणाली, "बरं आहे की, हा तुझ्यासारखाच सांगतोय सगळं." थोड्या वेळाने म्हणाली, "पण तो गाळतोय. ती बोलली त्यातलं निम्मंच सांगितलं त्याने." मी हा सिनेमा आधी दोनदा बघितला होता. न्यायाधीश काय गाळतात याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं, मी त्या वेळी साक्षीदाराचा चेहरा बघत होतो.

मग गटारात उतरून मेलेल्या कामगाराच्या बायकोची साक्ष आली. तो आत उतरण्याआधी खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे असं समजायचा. आईने हातातली जपमाळ खाली ठेवली. आमच्या चाळीमागच्या गटारात उतरायला एक माणूस यायचा, मी शाळेत होतो तेव्हा. काम झालं की तो नळाशी उभा राहायचा आणि आई वरून त्याच्या हातावर पाणी घालायची. ती एवढंच म्हणाली, "त्याला मी कधी नाव विचारलं नाही." यावर मी काही बोललो नाही. सिनेमा थांबवायचा का विचारलं, ती नको म्हणाली.

पुढे वकीलबाई कोर्टातून निघते, लोकलने घरी जाते, पोराला घेते, स्वयंपाकाला लागते. इथे मी सांगायला तोंड उघडलं तर आईने हात वर केला. "कळलं. घरी आली ती. आता तिला बसायला मिळणार नाही." आणि तो सबंध प्रसंग ती दाराकडे तोंड करून, मान जराही न हलवता ऐकत बसली. तशी ती 'पिंजरा'च्या गाण्यालासुद्धा बसत नाही.

कट्टा, 'द डिसायपल' मी रात्री एकट्याने बघून घेतला. तुम्ही म्हणता ते प्रसंग कुठे आहेत ते लिहून ठेवलंय, तेवढे पुढे ढकलेन. पण त्याआधी आईला पाऊस हवाय. ती म्हणाली, कोकणातला पाऊस असलेला एखादा लाव. तर पुढच्या रविवारी अविनाश अरुणचा 'किल्ला'. टीव्हीच्या आवाजात पाऊस नुसता खरखरतो, म्हणून शेजारच्या दादांकडून त्यांचा स्पीकर मागून घेतलाय. तो शनिवारीच जोडून बघतो.