बी-३०४ विकायचाय, भिंत ओली आहे

देशपांडे बी-३०४: नमस्कार मंडळी. काल फ्लॅट बघायला आलेल्या पार्टीने बेडरूमच्या भिंतीला हात लावला, पोपडा हातात आला. आता भावात घासाघीस चालू. वरच्या ४०४ ला दिवाळीपासून सांगतोय. बाथरूमचं काम कधी होणार ते इथेच सांगावं.

खरे ए-१०१: जाहिरातीत 'कव्हर्ड पार्किंगसह' लिहिलंय. ते आधी काढा.

मीनल बी-४०४: काका, हे पर्सनलवर विचारलं असतंत तरी चाललं असतं 🙏 आमच्याकडे एक थेंब दिसत नाही.

शिंदे सी-२०१: ताई, वरून दिसणारच नाही. बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो, त्यात वीटकोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंटचा थर, भरलेला. तो पाणी पितो आणि हळूहळू खाली सोडतो. देशपांडे, ओल कायम असते की सकाळी वाढते?

देशपांडे बी-३०४: हे ४०४ चे लोक आठवडाभर गावाला होते तेव्हाही होती.

शिंदे सी-२०१: आठवड्याने काही ठरत नाही, कोब्यात साठलेलं पाणी त्याहून जास्त टिकतं. आधी लाइन तपासा. नळ, शॉवर, गिझर काढून प्लग लावायचे आणि हातपंपाने प्रेशर द्यायचं. पंपावरच्या प्रेशर मीटरचा काटा अर्धा तास जागचा हलला नाही तर लाइन ठीक. आपल्या जीआय (लोखंडी) लाइनी एल्बोपाशी, म्हणजे वळणाच्या जोडापाशी, आतून गंजतात, शंका तिथेच असते. लाइन ठीक निघाली तर नहाणी ट्रॅप (फरशीतली पाणी जायची जाळी) कपडा-प्लास्टिक कोंबून बंद करा, इंचभर पाणी साठवा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा, २४ तास ठेवा. खाली डाग पसरला तर दोष फरशीचे सांधे किंवा ट्रॅपभोवतीची फट.

विनय ए-४०२: एवढं कशाला? डॅम्पप्रूफचा एक हात, वरून रंग. टोकन हातात पडलं की गंगेत घोडं न्हालं.

शिंदे सी-२०१: ओल्या प्लास्टरवर पुट्टी टिकत नाही. पाण्याबरोबर क्षार बाहेर येतात आणि रंगाला फुगे धरतात, तेही नेमके रजिस्ट्रेशनच्या आधी. पीव्हीसी पॅनल ठोकाल तर घेणारा पहिलं त्याच्याच मागे डोकावेल.

खरे ए-१०१: पार्किंग सोसायटीचं आहे. 'कव्हर्ड पार्किंगसह' काढा.

देशपांडे बी-३०४: खरे, तो शब्द एजंटने टाकलाय. सांगतो त्याला.

कदम बी-१०२: दारात लिंबू-मिरची टांगा, ओल आपोआप जाईल 😄

मीनल बी-४०४: आणि फरशी उखडायची वेळ आली तर खर्च कुणी करायचा? कमिटी नुसती बघत बसते.

सेक्रेटरी: ताई, बाहेरच्या भिंती, गच्ची आणि कॉमन पाइप सोसायटीकडे. घरातल्या बाथरूमची गळती त्या त्या सभासदाकडे. उपविधीत स्पष्ट आहे, माझ्या मनाचं सांगत नाही.

मीनल बी-४०४: बरं. गेल्या वर्षी सी विंगमध्ये सोसायटीने खर्च केला तेव्हा उपविधी रजेवर होते वाटतं.

सेक्रेटरी: तिथे डक्टमधला कॉमन पाइप फुटला होता. विषय वेगळा आहे, कृपया.

शिंदे सी-२०१: लगेच उखडायला लागतेच असं नाही. सांधे खरवडून, पूर्ण कोरडे करून इपॉक्सी भरायचं, ट्रॅपची फट बुजवायची, परत पाणी साठवून बघायचं. जुन्या सांध्यावर नुसतं पांढरं सिमेंट फासलं तर ते निघून येतं. एवढं करूनही गळलं तरच फोडायचं.

देशपांडे बी-३०४: आणि माझी भिंत?

शिंदे सी-२०१: डागाच्या बाहेर फूटभरापर्यंत प्लास्टर विटेपर्यंत काढा आणि सुकू द्या. घाई करू नका. दीड फुटी प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, सकाळी उचलून बघा. आतून दव धरलं असेल तर भिंत अजून ओली. कोरडं निघालं की नवं प्लास्टर, सात दिवस पाणी मारणं, परत सुकवणं, मग प्रायमर, पुट्टी, रंग. आणि रंग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला. नुसता चौकोन रंगवला की घेणारा पहिला प्रश्न त्याचाच विचारतो.

सेक्रेटरी: तोवर कागद काढून ठेवा. बिल्डरपासूनचे सगळे मूळ करार, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र, टॅक्स पावती. सोसायटीला १५ दिवस आधी नोटीस. कायद्याने विक्रीला आमची एनओसी (ना हरकत पत्र) लागत नाही, पण घेणाऱ्याची बँक मागते. थकबाकी भरलेली असली तर लगेच देऊ.

विनय ए-४०२: ट्रान्स्फरचे ५० हजार घ्या, लिफ्टला रंग होईल.

सेक्रेटरी: ट्रान्स्फरच्या रकमेची, म्हणजे प्रीमियमची, कमाल मर्यादा २५,०००, शासनाचं २००१ चं परिपत्रक आहे. 'स्वेच्छा देणगी' म्हणूनही उकळता येत नाही.

कदम बी-१०२: स्वेच्छेने कुणी दिलेली मी अजून पाहिली नाही.

देशपांडे बी-३०४: कर्ज फिटलंय, पण मूळ करार बँकेकडून आलेला नाही.

सेक्रेटरी: लेखी मागा. कर्ज फिटल्यापासून ३० दिवसांत कागद परत देणं डिसेंबर २०२३ पासून बंधनकारक आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे.

खरे ए-१०१: एजंटला सांगितलं का? २०१० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, स्टिल्ट पार्किंग (इमारतीखालचं, खांबांमधलं) बिल्डरलाही विकता येत नाही, तुम्ही कसं विकणार? 'कव्हर्ड पार्किंगसह' काढा.

देशपांडे बी-३०४: काढलं हो! स्क्रीनशॉट पाठवू?

खरे ए-१०१: पाठवा.

मीनल बी-४०४: शिंदे सर, शनिवारी प्लंबर बोलावते. तुम्ही याल का? काका, तुम्हीही वर या, खूण तुमच्यासमोरच करू. नंतर शंका नको.

देशपांडे बी-३०४: येतो. प्लंबरचे अर्धे पैसे माझे.

सेक्रेटरी: शनिवारी टाकी धुवायची आहे, ११ ते ४ पाणी नाही. फरशीत साठवायचं पाणी आधीच बादल्यांत भरून ठेवा.