मदत हवी आहे: जुना डेस्कटॉप आणखी किती वर्षे वापरता येईल?

नमस्कार. दादरला आमच्या घरी इंटेलच्या चौथ्या पिढीतील आय-फाइव्ह प्रोसेसरचा डेस्कटॉप असून वडील त्यावर सोसायटीचे हिशेब आजही नेमाने लिहितात. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर व टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागत असल्याने तो अधिकृत मार्ग आम्हाला बंद आहे. लॅमिंग्टन रोडवरून एसएसडी (वेगवान स्टोरेज ड्राइव्ह) आणि या यंत्राला चालणारी डीडीआर३ रॅम आणून विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी, असे मला वाटते. चालते यंत्र भंगारात देणे मनाला पटत नाही. मात्र मुंबईच्या दमट हवेत मदरबोर्ड आणि पॉवर सप्लाय कितपत तग धरतील, हे खर्च करण्यापूर्वी कसे तपासावे आणि वडिलांच्या जुन्या एक्सेल फायली लिनक्सवरील लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये नीट उघडतील का, याविषयी अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.